शेवट मामांच्या कानात

मामांना सहाशेच्या वर पुस्तकांचे शेवट तोंडपाठ होते आणि त्यांनी आयुष्यात एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं. शाळेत हे कुणालाच माहीत नव्हतं. घरी बायकोला माहीत होतं, पण तिला त्यात विशेष काही वाटत नसे. तिच्या मते मामांना न येणाऱ्या गोष्टींची यादी बरीच लांबलचक होती आणि पुस्तकं त्या यादीत फार खाली येत.

मामा म्हणजे शाळेचे शिपाई. एकोणीस वर्षं त्यांनी घंटा वाजवली, नोटिसा फिरवल्या, फळे पुसले. मग गुडघा कुरकुरायला लागला आणि तीन मजल्यांचे जिने नकोसे झाले. त्याच सुमाराला ग्रंथपालबाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी कुणी येईना. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, मामांना बोलावलं आणि किल्ल्यांचा जुडगा हातात ठेवला. ‘तात्पुरतं बसा तिथे,’ त्या म्हणाल्या. त्या तात्पुरत्याला आता सहा वर्षं होऊन गेली होती.

वाचनालय तळमजल्यावर, प्रयोगशाळेच्या शेजारी. अकरा कपाटं, त्यातल्या सातव्याचं दार गुडघ्यानं वर उचलल्याशिवाय उघडत नाही आणि मामांचा नेमका तोच गुडघा दुखरा. एक लांब टेबल, त्यावर डिंकाची बाटली, तारखेचा शिक्का आणि कार्डांचा खोका. पुस्तकांना खाकी कव्हरं घातलेली, पाठीवर दाखल क्रमांक. मामा पुस्तकांना नावानं ओळखत नसत, क्रमांकानं ओळखत. पूर्वी मुलांना हजेरी क्रमांकानं ओळखायचे तसंच.

पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्यांना कोंडीत पकडलं होतं. ‘मामा, एखादं चांगलं पुस्तक द्या ना!’ आता चांगलं कुठलं हे मामांना कसं कळणार? त्यांनी डोकं चालवलं आणि सगळ्यांत स्वच्छ दिसणारी पुस्तकं काढून दिली. ती स्वच्छ राहिली होती, कारण ती आजवर कुणी उघडलीच नव्हती. मुलं तोंड वाकडं करून परत आली. एवढ्यात एक मुलगा पुस्तक जमा करायला आला, त्याच्या मागे एक मुलगी न्यायला उभी होती. मामा वैतागून म्हणाले, ‘अरे, तू वाचलंयस ना? मग सांग की हिला कसं आहे ते! मला कशाला पिडताय?’

तीच पुढे वाचनालयाची रीत झाली. पुस्तक जमा करणाऱ्यानं टेबलाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायचं आणि रांगेतल्या पुढच्याला पुस्तकाविषयी सांगायचं. आवडलं असेल तर का, नसेल तर का. पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. सुरुवातीला एकानं उत्साहाच्या भरात शेवटही सांगून टाकला आणि ऐकणारा त्याच्यावर हात उगारून धावला. मामांनी दोघांना दोन बाजूंना ओढलं आणि जागच्या जागी नियम केला: पुस्तक सगळ्यांना सांगा, शेवट फक्त मामांच्या कानात.

या नियमाचा दुसराही उपयोग होता. पुस्तक न वाचताच थापा मारणारा कानाशी आला की अडकायचा. मामांनी एक वही केली होती. क्रमांक आणि त्यापुढे शेवट. ‘४१ – चोर म्हणजे मामेभाऊ.’ ‘१२६ – लग्न होत नाही, दोघंही बरे.’ नवा शेवट जुन्याशी जुळला नाही की थापाड्याचं कार्ड जप्त. मुलं चळाचळा कापत. ‘मामांनी सगळी पुस्तकं वाचलीत रे, त्यांना गंडवता येत नाही,’ असं मोठी मुलं लहानांना सांगत. मामा डिंक लावता लावता हे ऐकत आणि काही म्हणत नसत. नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर येई, हे आपण कबूल करू.

दहावीच्या वर्गात एक मुलगी होती, अंगानं काडी, बोलण्यात जेवढ्यास तेवढं. चारशे पानांच्या खालचं पुस्तक ती हातात धरत नसे. ‘बारीक पुस्तकं लगेच संपतात, मामा. मग घरी काय करायचं?’ मामांनी तिचं नाव ‘चारशेपाने’ ठेवलं. ते इतकं शोभून दिसलं की नव्या शिक्षकांना ते तिचं आडनावच वाटे. दुसरा होता तिच्याच वर्गातला ‘वकील’. त्यानं एखाद्या पुस्तकाची बाजू घेतली की रांगेतले चारजण त्या पुस्तकासाठी भांडत.

वकिलानं एकदा ३१७ क्रमांकाची बाजू घेतली. एका घरातला बाप लांबच्या खाणीत कामाला जातो, मागे आई, दोन मुलं आणि म्हातारी आत्या. आधी पत्रं येतात, मग येईनाशी होतात. हे सांगताना वकिलानं आवाज असा काही बारीक केला की लहान मुलं पुढे सरकली. मग तो मामांच्या कानाशी लागला. ‘बाबा परत येतो, मामा. झकास शेवट!’ मामांनी वही पाहिली. आधीच्या दोघांनीही हेच सांगितलं होतं. जुळलं.

३१७ ला चारशे बारा पानं होती, त्यामुळे ते चारशेपानेनं उचललं. पाचव्या दिवशी ती जमा करायला आली आणि पुढच्या आठवीतल्या मुलाला तिनं ते असं सांगितलं की मामांच्या हातातला डिंकाचा ब्रश वाळून गेला. मग ती वाकली आणि कानात म्हणाली, ‘तो येत नाही.’

‘कोण?’

‘बाबा. येत नाही.’

मामांनी वही उघडली, बोट ठेवलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ‘नीट आठव बरं.’

‘नीटच आठवतंय.’

‘अगं, तिघांनी सांगितलंय येतो म्हणून.’

‘तिघांनी घाईत वाचलं असेल.’

रांगेत आठ-दहा पोरं कान टवकारून उभी होती. आणि मग तिनं विचारलं, अगदी साधं, उद्धटपणा अजिबात नाही: ‘मामा, तुम्ही वाचलंय का?’

आता या जागी मामा काहीही म्हणू शकले असते. पण सहा वर्षांची सवय जिभेवर बसली होती. ‘हो तर! उगाच बसतो का मी इथे?’

‘आणि तो येतो?’

‘येतो.’

तिनं खिशातून कार्ड काढून स्वतःच टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. मामांनी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ३१७ आठवीतल्या मुलाला न देता बाजूला ठेवलं. पुढच्या मुलाचं पुस्तक घेताना त्यांनी तारखेचा शिक्का उलटा मारला.

घरी बायको पडद्याला टीप घालत होती. मामांनी चहा घेतला नाही, तेव्हा तिनं मशीन थांबवलं. ‘काय बिनसलं?’

मामांनी सगळं सांगितलं. ‘मला काही कळेचना बघ. ती पोरगी थापा मारणाऱ्यातली नाही. पण तिघं एकीकडे आणि ती एकटी एकीकडे.’

‘मग वाचून बघा की.’

‘चारशे बारा पानं आहेत!’

‘असेनात. पळून का जाणारेत ती?’ बायको म्हणाली आणि तिनं मशीन पुन्हा सुरू केलं.

मामा वाचायला बसले. नोटिसा, याद्या, वर्तमानपत्राचे मथळे हे त्यांना येत होतं, पण पुस्तक वाचणं म्हणजे वेगळंच प्रकरण निघालं. ओळीखाली पट्टी धरून पहिल्या दिवशी नऊ पानं झाली. माणसं एकमेकांत मिसळायला लागली, म्हणून त्यांनी जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर सगळ्यांची नावं आणि नाती लिहून काढली. लेखकाचा त्यांना भयंकर राग आला. बाप खाणीत का गेला हे पन्नास पानं झाली तरी सांगत नाही, आणि खिडकीबाहेरच्या झाडावर मात्र दीड पान! बरं, हे सगळं लपून करायचं. वाचलंय असं म्हणून बसलेला माणूस तेच पुस्तक वाचताना दिसला तर संपलंच. म्हणून ते सातव्या कपाटाआड स्टूल ओढून बसत आणि कुणी आलं की ३१७ वर हजेरीचं रजिस्टर ठेवत.

तिकडे दिवस चालले होते. दहावीची कार्डं परीक्षेसाठी महिनाअखेरीला बंद होत. त्यानंतर मुलं शाळा सोडून जात आणि वाचनालयाशी त्यांचा संबंध संपे. मामांना हे माहीत होतं, म्हणून ते घाई करत, आणि घाई केली की आत्या आणि शेजारची आजी यांचा घोटाळा होऊन त्यांना दहा पानं मागे जावं लागे. चारशेपाने रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाई, सरळ समोर बघत. एकदा मामांनी हाक मारली. ती थांबली, वळली. ‘काही नाही, जा,’ ते म्हणाले. ती गेली आणि मामांनी स्वतःलाच एक शिवी दिली.

सतराव्या दिवशी दुपारी ते शेवटच्या पानावर पोचले. संध्याकाळ झालेली असते. कुत्रा भुंकतो. आई पाच ताटं मांडते. आणि पुस्तक संपलं.

मामांनी पान उलटलं. कोरं. त्यांना वाटलं, पुढचं पान कुणीतरी फाडलं. फाटलेलं पान ओळखण्यात ते तरबेज होते. त्यांनी शिवण तपासली, बांधणीत बोट घालून पाहिलं, पानांचे आकडे मोजले. पान फाटलेलं नव्हतं. लेखक तिथेच थांबला होता.

पाच ताटं म्हणजे घरातले चौघं आणि बाप. म्हणजे आला. मामांनी सुस्कारा सोडला आणि लगेच त्यांना आठवलं की मध्ये कुठेतरी आत्या आईवर चिडते. त्यांनी शोधलं, दोनशे एकोणतिसाव्या पानावर सापडलं. तो गेल्यापासून आई रोज एक ताट जास्तीचं मांडते आणि मग न वापरलेलं ताट धुऊन ठेवते, म्हणून आत्या चिडते. म्हणजे पाच ताटं रोजचीच! म्हणजे आला नाही? पण कुत्रा? कुत्रा फक्त बापालाच बघून तसा भुंकत असे. बरोबर, पण पुढे तोच कुत्रा म्हातारा होऊन वाऱ्यालाही भुंकायला लागतो, असंही लिहिलेलं होतं. मामांनी शेवटची तीस पानं पुन्हा वाचली. मग आणखी एकदा वाचली. डोकं गरगरायला लागलं.

त्यांनी वकिलाला गाठलं. ‘काय रे, तो परत येतो हे कुठे लिहिलंय?’

‘शेवटी, मामा. पाच ताटं मांडली ना!’

‘आणि आत्या चिडते त्याचं काय?’

वकिलानं डोकं खाजवलं. ‘कुठली आत्या?’

‘तूच सांगितलीस ना, घरात म्हातारी आत्या असते म्हणून?’

‘ती हो! ती चिडते कधी?’ मग तो ओशाळला. ‘खरं सांगू का मामा, मधलं जरा कंटाळवाणं होतं. मी उड्या मारल्या.’

नियमानं कार्ड जायला हवं होतं ते याचं. पण दुसऱ्याचं कार्ड जप्त करायला आता मामांना तोंड उरलं नव्हतं. ते परत येऊन टेबलाशी बसले. वहीतल्या ३१७ पुढचा शेवट त्यांनी खोडला आणि तिथे काय लिहावं हे न सुचून ‘वाचून बघावं’ एवढंच लिहिलं. त्यांना लाज वाटत होती. सहा वर्षं पोरांना खोट्यासाठी धारेवर धरलं आणि सगळ्यांत मोठी थाप आपणच, भरल्या रांगेसमोर, त्या एका पोरीला मारली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला निरोप पाठवला. कर्मचाऱ्यांसाठी एक कार्ड असतं, ते त्यांनी कधी वापरलं नव्हतं. त्यावर त्यांनी ३१७ ची नोंद केली, आणि मधल्या सुट्टीत रांग लागली तेव्हा पुस्तक काखेत घेऊन ते टेबलाला वळसा घालून बाहेरच्या बाजूला आले. खुर्ची रिकामी, शिक्का नुसताच पडलेला. चारशेपाने दारात उभी होती.

‘इकडे ये,’ मामा म्हणाले. ‘माझ्या पुढचा नंबर तुझा.’

ती येऊन उभी राहिली.

‘त्या दिवशी मी वाचलंय म्हणालो, ते खोटं होतं. हेच काय, मी कुठलंच पुस्तक वाचलेलं नव्हतं. हे पहिलं.’

मग रांगेच्या शेपटातून पाचवीतला एक आवाज आला, ‘मग आता मामांचं कार्ड जप्त?’

‘जप्त,’ मामा म्हणाले आणि त्यांनी आपलं कार्ड टेबलावर ठेवलं. नंतर रीतीप्रमाणे त्यांनी पुस्तक सांगायला घेतलं. फार वाईट सांगितलं. आत्याला दोनदा आजी म्हणाले, मुलीच्या आधी मुलगा आजारी पडला असं सांगून बसले, झाडाबद्दल मात्र बराच वेळ बोलले. ‘तेवढं झाड सुरुवातीला वैताग आणतं,’ ते म्हणाले, ‘पण ते नंतर तोडतात ना, तेव्हा मला बरं नाही वाटलं.’ पाच मिनिटांची दहा झाली तरी कुणी हटकलं नाही.

‘आणि शेवट?’ चारशेपानेनं विचारलं.

मामा वाकले आणि तिच्या कानात म्हणाले, ‘मला कळला नाही. तीनदा वाचला.’

ती टाचा उंचावून मामांच्या कानाशी आली. ‘मलाही नाही कळला, मामा. पण येतो असं म्हणायला माझी जीभच वळेना.’

का, हा प्रश्न मामांच्या ओठांवर आला. विचारावा की विचारू नये, दोन्हींतलं बरोबर कुठलं, हे त्यांना कळेना. तोवर वेळ निघून गेली. त्यांनी ड्रॉवर उघडून तिचं कार्ड काढलं आणि तिच्यापुढे धरलं. ‘हे घे. चुकलं माझं.’

तिनं ते घेतलं नाही. ‘आमची कार्डं कालपासून बंद झाली, मामा.’

मामांनी बाजूच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. काल त्यांनी स्वतःच दहावीची सगळी कार्डं रबर लावून बाजूला ठेवली होती. हिचं ड्रॉवरमध्ये वेगळं होतं, म्हणून ते त्या गठ्ठ्यात नव्हतं, म्हणून त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. अठरा दिवस. तिचे शेवटचे अठरा दिवस त्यांनी ड्रॉवरमध्ये कोंडून ठेवले होते.

‘माझी तीन पुस्तकं राहिली,’ ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतंच.

‘कुठली?’

तिनं क्रमांक सांगितले. अठ्ठ्याऐंशी, दोनशे पंचेचाळीस, पाचशे दोन. तिन्ही चारशे पानांच्या वरची. मामा पुन्हा टेबलाच्या आत आले. थोड्या वेळापूर्वी जप्त केलेलं स्वतःचं कार्ड त्यांनी सोडवून घेतलं आणि त्यावर अठ्ठ्याऐंशीची नोंद केली. दुसऱ्याच्या कार्डावर पुस्तक न्यायचं नाही, हाही मामांचाच नियम होता. कुणी हरकत घेतली नाही.

अठ्ठ्याऐंशी पाच दिवसांत परत आलं, दोनशे पंचेचाळीस सहा दिवसांत. ती रांगेत उभी राहून सांगे आणि शेवट कानात सांगून झाला की विचारी, ‘तुमचं काय मत?’ मामांना मग ते वाचावं लागे, आणि त्यांचं मत दर वेळी अर्धवट असे. पाचशे दोन बाहेर गेलेलं होतं. ते परत येईपर्यंत परीक्षा सुरू झाली होती. मामांनी ते आपल्या कार्डावर टाकून ड्रॉवरमध्ये ठेवलं. परीक्षा संपली. निकालाच्या दिवशी मामा संध्याकाळपर्यंत दार उघडं ठेवून बसले. तिचा निकाल तिची आई एकटीच येऊन घेऊन गेली आणि दोघी आता दुसरीकडे राहायला जाणार आहेत, असं कुणाकडून तरी कानावर आलं. कुठे, ते कुणाला नक्की सांगता येईना.

नवं वर्ष सुरू झालं. मुलं पाचशे दोन मागायला लागली, कारण वकील जाता जाता त्याचीही बाजू घेऊन गेला होता. मामा सांगत, ‘ते गेलंय.’ मग कपाटांची मोजणी निघाली. मोठ्या बाई याद्या घेऊन आल्या, चष्मा वर सरकवून त्यांनी मामांचं कार्ड पाहिलं.

‘मामा, हे पाचशे दोन चार महिने तुमच्या नावावर दिसतंय. वाचून झालं नाही का अजून?’

‘झालं की. दोनदा.’

‘मग जमा करून टाका. मुलं मागतायत.’

‘माझं नाही ते,’ मामा म्हणाले. ‘ज्या मुलीचं आहे ती न्यायला यायचीय.’

‘कधी येणारे?’

मामांनी ड्रॉवर थोडा उघडून आत पाहिलं. पुस्तक होतं तसंच होतं. ‘ते काही कळत नाही, बाई,’ ते म्हणाले, आणि त्यांनी शिक्क्यावरची तारीख पंधरा दिवस पुढे सरकवून कार्डावर मारली.